मदत हवी आहे: मुरूम काढलेल्या रानात मळी आणि राख टाकली, कार्डावर कर्ब भरपूर, पण माती जिवंत आहे का?

माळावरचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज नड आली म्हणून लिहितोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी सोलापुरात नोकरी करतो. गाव बोरामणीच्या बाजूला, तिथं वडील असतात. आमचा एक एकराचा तुकडा माळाचा आहे. वीतभर माती, खाली मुरूम. चार वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामाला मुरूम पाहिजे म्हणून एक ठेकेदार आला, वडिलांनी रान दिलं. रॉयल्टी, परवानगी सगळं रीतसर होतं, त्यावर वाद नको. ठरलं होतं तीन फूट, खोदलं पाच फूट. जाताना 'सपाट करून देतो' म्हणाले आणि पोकलेन फिरवून गेले. सपाट झालं खरं, पण असं की पहार मारली तर ठिणगी उडावी.

तिथं आता पुन्हा रान उभं करायचंय. विकत माती घालणं परवडत नाही. एक एकरावर फूटभर थर द्यायचा तर ४३५ ब्रास लागते, मी हिशोब केला आणि वही मिटली. म्हणून जे फुकट किंवा भाड्याच्या पैशात मिळतं ते आणलं. पूर्वेकडच्या २० गुंठ्यांत एका साखर कारखान्याच्या बॉयलरची बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख, २० हायवा, साधारण अर्ध्या फुटाचा थर बसला. त्यावर थोडी मळी. (प्रेसमड हो, उसाचा रस गाळून उरणारा गाळ. आमच्याकडं सगळ्यालाच मळी म्हणतात.) पश्चिमेकडच्या २० गुंठ्यांत राख नाही, फक्त मळी, ५० ट्रॉल्या. गेल्या गाळपात आणली, ताजी, वाफा निघत होत्या. रोटाव्हेटर मारून मुरमात मिसळली.

जूनमध्ये तूर आणि हुलगा टाकला. उगवण झाली. चार पानांवर आला आणि पिवळा पडला. राखेच्या बाजूला तर पानांच्या कडा करपल्या.

दोन्ही बाजूंची माती एकत्र करून माती परीक्षण केलं. सामू (पीएच) ८.९, क्षारता १.६, सेंद्रिय कर्ब १.४२ टक्के, नत्र हेक्टरी १२६ किलो, पालाश 'अत्यंत जास्त'. आमच्या बागायती काळ्या रानाचा कर्ब ०.५ च्या वर कधी गेला नाही आणि ह्या मुरमाचा १.४२! वडील कार्ड घेऊन गावभर फिरले.

मला शंका आली. कार्डावर बारा गोष्टी असतात, त्यात जिवाणूंचा रकाना नाही. मग एका इंग्रजी व्हिडिओत बघितलेली गंमत केली. मांजरपाटाचे हातरुमालाएवढे तुकडे कापले आणि पाच इंच खोल पुरले. बांधावर तीन, राखेत तीन, मळीत तीन. ४० दिवसांनी काढले. बांधावरच्यांची जाळी झालेली, उचलताना हातातच राहिली. मळीतले काळे पडलेले, वास येणारे, पण ओढले तर फाटत नाहीत. आणि राखेतले? धुऊन वाळत घातले असते तर पोळ्यांच्या डब्यात वापरता आले असते.

प्रश्न असे:
कर्ब इतका असून कापड का कुजलं नाही? राखेत जिवाणू नाहीतच का?
घरच्या घरी आणखी काय तपासता येईल?
सप्टेंबरचा पाऊस पुढं आहे. आमच्याकडं वर्षाचे साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा तेव्हाच पडतो. ह्या पावसावर काय पेरू?

---

पोकलेन_पाटील

वाईट वाटलं भाऊ. आमच्या शेजारच्या रानाचंही हेच झालंय, तिथं आता पावसाळ्यात म्हशी पोहतात. जीवामृत सोडा, शेण-गोमूत्र-गूळ-बेसनाचं आंबवलेलं पाणी, दर पंधरा दिवसांनी २०० लिटर. चार महिन्यांत फरक दिसेल.

---

कोरडवाहू

हायड्रोजन पेरॉक्साइड आणा मेडिकलमधून. चमचाभर मातीवर टाका. फसफसलं की जिवाणू आहेत, नाही तर माती मेलेली. दोन मिनिटांचं काम आहे, ४० दिवस कापड कशाला पुरायचं?

---

निवळी

@कोरडवाहू, ही चाचणी मोबाइलवर फार फिरते, पण आपल्या मातीत फसवते. जिवाणूंमधल्या विकरानं (एन्झाइमनं) पेरॉक्साइड फसफसतं हे बरोबर. पण मातीतल्या मँगनीजच्या ऑक्साइडनंही फसफसतं, आणि काळ्या मातीत ते असतं. भाजलेली, पूर्ण निर्जीव माती घेऊनही फेस काढून दाखवता येईल.

@माळावरचा, कापडाचा प्रयोग छान केलात. मी बरीच वर्षं माती प्रयोगशाळेत काढली आहेत, म्हणून आधी थोडं रागावून घेते. पूर्वेचं आणि पश्चिमेचं रान वेगळं, भरलेला माल वेगळा, मग नमुना एकत्र का केला? तुमचं १.४२ हे ना राखेचं, ना मळीचं. आमटी आणि ताक एका भांड्यात ओतून मीठ बघण्यासारखं आहे ते.

आता कर्बाबद्दल. प्रयोगशाळेत डायक्रोमेट आणि गंधकाम्ल घालून जे जळेल त्याला सेंद्रिय कर्ब म्हणतात. वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची पद्धत, अजून तीच चालते. बगॅसच्या राखेत अर्धवट जळलेले काळे कण असतात. त्यातला काही भाग ह्या परीक्षेत कर्ब म्हणून मोजला जातो. जिवाणूंना मात्र तो कोळसा खाता येत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे कार्डावरच्या आकड्यातला काही कर्ब कोठारातलं धान्य आहे आणि काही नुसती भुसभुशीत वीट.

मळीकडच्या बाजूला मला दुसराच संशय आहे. तुमचा कर्ब 'अत्यंत जास्त' आणि नत्र १२६, म्हणजे कमी. (२८० च्या खाली कमीच धरतात.) ताज्या मळीत साखरेचा अंश असतो, मेण असतं, बगॅसचा भुसा असतो. जिवाणूंना कर्बाची मेजवानी मिळाली की ते झपाट्यानं वाढतात. पण अंग धरायला नत्र लागतो, तो मळीत पुरेसा नसला तर मातीतला ओढून स्वतःच्या अंगात कोंडून ठेवतात. पिकाला राहत नाही. तूर पिवळी पडली ती बहुधा त्यानं. शेंगवर्गीय असूनही, कारण मुरमात तिच्या गाठींचे जिवाणूच नाहीत. बियाण्याला रायझोबियम (हवेतला नत्र बांधणारे ते गाठींचे जिवाणू) लावलं होतं का?

कापड म्हणजे निव्वळ सेल्युलोज, त्यात नत्र जवळपास नाही. म्हणून प्रयोगात एक भर घाला. एक लिटर पाण्यात चमचाभर युरिया विरघळवा, काही तुकडे त्यात भिजवून वाळवा आणि साध्या तुकड्यांच्या शेजारी पुरा. युरियाचा कुजला आणि साधा नाही, तर जिवाणू आहेत पण नत्राला उपाशी आहेत. दोन्ही कोरे राहिले, तर दुखणं वेगळं. फक्त राखेतल्या निकालावर फार विसंबू नका. इतक्या सामूत युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन उडून जाईल.

आणि कापड अस्सल सुती घ्या. सोलापूरकरांना हे मी सांगायला नको, पण हल्ली शिलाईचा दोरासुद्धा पॉलिस्टरचा असतो.

एक विचारायचं राहिलं. वरची वीतभर माती खोदायच्या आधी कुठं गेली?

---

माळावरचा

ताई, नमुना एकत्र केला ही चूक झाली. दोन पाकिटांचे दुप्पट पैसे नकोत म्हणून केलं, खरं सांगतो. रायझोबियम लावलं नव्हतं.

वरची माती आहे! वडिलांनी हट्टानं बाजूला काढायला लावली होती. कोपऱ्यात लिंबाखाली ढीग आहे, वीसेक ब्रास असेल. त्यावर कुंदा आणि हरळी माजलीय. एका नर्सरीवाल्यानं मागितलाय, परवा ट्रॅक्टर येणार आहे.

---

निवळी

ट्रॅक्टर परत पाठवा. आज फोन करा.

---

माळावरचा

केला. वडील म्हणाले, "तीच माती विकून तुझ्या मळीचं भाडं भागवणार होतो." पण थांबवलंय.

---

सावनेरकर

मी विदर्भातला, खाणपट्ट्यातला, म्हणून रस वाटला. तुम्ही जे नकळत करताय ते आमच्याकडं मोठ्या प्रमाणावर झालंय. नागपूरच्या 'नीरी' ह्या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर झाडं लावली, तेव्हा तिथंही साखर कारखान्याची मळीच वापरली होती. पण नुसती मळी नाही. रोपांच्या मुळांशी रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर (हेही नत्र बांधणारे जिवाणू) आणि मायकोरायझा, म्हणजे मुळांवर राहणारी बुरशी, हे सगळं दिलं. मळीनं ओल धरली आणि खाद्य दिलं, काम ह्या पाहुण्यांनी केलं. खाणीच्या मालात मूळचं काहीच नसतं, ते बाहेरून आणावंच लागतं.

कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवरही हेच दिसतं. झाडं पाच-सात वर्षांत हिरवीगार दिसायला लागतात, खालचे जिवाणू शेजारच्या जंगलाच्या बरोबरीला यायला त्याहून कितीतरी जास्त काळ घेतात. तेव्हा एका हंगामात निराश होऊ नका.

---

आक्का_बार्शी

माझ्या भाच्यानं असाच खड्डा बुजवायला कापड रंगवण्याच्या कारखान्यांचा गाळ आणायचं ठरवलंय. फुकट आहे, वर ट्रॉलीमागं ते पैसेही देतात म्हणे. सेंद्रिय असतो का हो तो?

---

निवळी

आक्का, भाच्याला आवरा. पैसे देऊन जो माल तुमच्या रानात टाकतात, तो का टाकतात हे आधी विचारायचं. रंगाच्या गाळात जड धातू आणि मिठं असू शकतात, त्याची विल्हेवाट धोकादायक कचऱ्याच्या नियमांनी लावायची असते.

धातू एकदा मातीत गेले की निघत नाहीत. इंग्लंडात वोबर्नच्या प्रयोगशेतात १९४२ ते १९६१ शहरी सांडपाण्याचा गाळ टाकत होते, खत म्हणून, चांगल्या हेतूनं. टाकणं थांबून वीस-बावीस वर्षं झाल्यावर माती तपासली तर जिवाणूंचं एकूण वजन शेणखताच्या वाफ्यांच्या निम्म्यावर. क्लोव्हरच्या, म्हणजे शेंगवर्गीय चाऱ्याच्या, मुळांवर गाठी यायच्या, पण त्यातले रायझोबियम नत्र बांधायचंच विसरलेले. पीक उभं दिसतं आणि आतून काम बंद.

मळी, राख, तळ्याचा गाळ, पालापाचोळा यांत निदान काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

---

माळावरचा

आक्का, बरं झालं विचारलंत. मलाही तसलीच ऑफर आली होती.

ताई, कापडाला ४० दिवस जातात. लवकर कळेल असं काही आहे का?

---

निवळी

आहे, शाळेत केलेलंच. चार सारख्या काचेच्या बरण्या घ्या, घट्ट झाकणाच्या. तिघींत पाव-पाव किलो माती: बांधाची, मळीची, राखेची. चौथी रिकामी. प्रत्येकीत छोट्या वाटीत चुन्याची ताजी निवळी ठेवायची. जिवाणू श्वास सोडतात, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडनं निवळीवर पांढरी साय धरते. प्रयोगशाळेत हेच कॉस्टिक सोड्यात पकडून मोजतात.

त्यात तीन खोड्या आहेत. कोरडी माती भिजवली की पहिले दोन-तीन दिवस श्वास एकदम उसळतो, मेलेल्या जिवाणूंवर जगलेले ताव मारतात. तो खरा वेग नव्हे. म्हणून माती ओलसर करून सहा-सात दिवस सैल झाकून ठेवा, मगच निवळी ठेवा. ओल मुठीत गोळा व्हावा पण पाणी निथळू नये एवढी. दुसरी खोडी, ताजी राख स्वतःच कार्बन डायऑक्साइड शोषते. तिची निवळी स्वच्छ राहिली तर आत जीव नाही असं लगेच ठरवू नका. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची, जास्त श्वास म्हणजे जास्त तब्येत नव्हे. माणूस आरामात बसला तरी श्वास घेतो आणि डोंगर चढून दमला तरी धापा टाकतो. मळीची बरणी बहुतेक सगळ्यांत आधी पांढरी होईल. ती धाप आहे.

---

पोकलेन_पाटील

म्हंजे जीवामृत नको म्हणता?

---

निवळी

नको नाही म्हणत. त्यात बांधाची मूठभर माती घालतात ना, मला त्यातली तीच गोष्ट सगळ्यांत आवडते. पण सामू नऊच्या आसपास, खाली पोकलेननं दाबलेला थर, वर सावली नाही. घरात ना चूल, ना छप्पर, आणि पाहुण्यांना आवतण दिल्यासारखं होतं ते. आधी घर करू या.

@माळावरचा, माझ्या मते असं करा, बाकीच्यांनी दुरुस्त करावं.

तो वीस ब्रासचा ढीग एकरभर पसरू नका. हिशोब करून बघा, दीड सेंटिमीटरचासुद्धा थर होत नाही, दोन भाकऱ्या एकावर एक ठेवाव्यात तेवढा. पहिल्या वळवात वाहून जाईल. त्याऐवजी विरजण म्हणून वापरा. वीस ब्रासची चारेक हजार घमेली होतात. जिथं मूळ जाणार त्या ओळीत, त्या खड्ड्यात घाला. मात्र ढिगाचा वरचा फूटभर भाग आधी वापरा. चार वर्षं साठलेल्या ढिगात आतली माती हवेअभावी सुस्तावते, मायकोरायझाही मूळ नसलं की मरत जाते. वर हरळीची मुळं आहेत, तिथं ती जिवंत असणार. तुम्ही तण म्हणताय, पण चार वर्षं त्या तणानंच ढीग राखलाय. फक्त कुंदा आणि हरळीची मुळं चाळून घ्या, नाही तर त्यांचंच रान होईल.

मळीच्या बाजूला ह्या पावसावर धैंचा (हिरवळीचं खत) पेरा, रायझोबियम लावून. खारट, चोपण रानात तग धरतो. फुलावर आला की गाडायचा, दीड-दोन महिन्यांत. बाहेरून थोडा नत्र द्या. मालदांडी ज्वारीचा मोह यंदा टाळा. तुमच्याकडच्याच कोरडवाहू संशोधन केंद्रात रब्बी ज्वारीला सुबाभळीचा पाला देण्याचे प्रयोग वर्षानुवर्षं झालेत, तिथं जाऊन विचारा. बांधावर गिरिपुष्प लावलंत तर पाला घरचाच मिळेल.

राखेच्या बाजूला पीक नको. आधी खालचा घट्ट थर फोडा, नाही तर क्षार धुऊन जायला वाट नाही. गंधक टाका असं कुणी तरी सांगेलच. पण गंधकाचं आम्ल करायचं काम जिवाणूच करतात, आणि तुमच्याकडं अडलंय ते तेच. तिथं खड्डे घेऊन बोर, सीताफळ, शेवगा, खड्ड्यात ढिगाची माती आणि कुजलेलं शेणखत, बुंध्याशी उसाच्या पाचटाचं आच्छादन. झाड जगलं की मुळं आपली मंडळी आपणच जमवतात.

---

कोरडवाहू

पेरॉक्साइडचं पटलं ताई. मी दोन वर्षं गावात सांगत फिरत होतो. आता कुणाकुणाला तोंड दाखवू 😀

---

माळावरचा

(दीड महिन्यानंतर)

मंडळी, उशीर झाला. सप्टेंबरात पाऊस बरा झाला.

बरण्या: मळीची निवळी दुसऱ्या दिवशी सकाळी दुधासारखी, वर जाड साय. बांधाच्या मातीची चौथ्या दिवशी. रिकाम्या बरणीत किंचित पापुद्रा आला, राखेच्या बरणीत तेवढाही नाही! रिकाम्यापेक्षा स्वच्छ. ताईंनी सांगितलं नसतं तर 'राखेत जीव नाही' म्हणून मोकळा झालो असतो.

कापड, ३५ दिवस: मळीत साधं कापड पुन्हा काळं पण शाबूत. युरियात भिजवलेल्याच्या चिंध्या झाल्या, बोटानं टोचलं की आरपार. म्हणजे जिवाणू होते, उपाशी होते. राखेत साधं कोरं, युरियाचं फक्त कडांना विरलेलं. मी आगाऊपणा करून तिसरा प्रकारही केला, राखेतच, पण कापडाभोवती ओंजळभर ढिगाची माती लपेटून. त्यावर तांबूस डाग पडलेत आणि जिथं डाग तिथं धागे सुटतात. ते कापड वडिलांनी खिशात घालून पारावर नेलं. कार्ड आता कपाटात आहे.

नमुने ह्यावेळी वेगवेगळे दिले. मळीचा सामू ८.२, राखेचा ९.४.

धैंचा गुडघ्याच्या वर आलाय. दहा-बारा झाडं उपटून बघितली, सात-आठांना गाठी आहेत. गाठ फोडली की आत गुलाबी दिसतं, ते चांगलं असतं असं वाचलंय, बरोबर ना? ज्या ओळींत ढिगाची माती घातली होती त्या लांबूनही वेगळ्या ओळखू येतात. पश्चिमेच्या टोकाला चार गुंठ्यांत मात्र अजून पिवळाच आहे, तिथं पाणी साचून कुजका वास येतो. पोकलेन सगळ्यांत जास्त तिथंच फिरलं होतं.

राखेकडं ४० खड्डे झालेत. पहारीनं होईना, शेवटी ब्रेकर भाड्यानं आणला. बोराची रोपं मिळाली, सीताफळाची नाहीत. मोहोळ किंवा मंगळवेढ्याकडं कुणाच्या माहितीत चांगली सीताफळाची रोपं असतील तर कळवा. आणि ते चार गुंठे चर काढून सुटतील की पुन्हा उकरावे लागतील?